मुशीच्या परावरच्या दोन खाचा

मी एक जुना पंखा आहे. मित्रांनो, छताला टांगतात तो मी नव्हे. मी बोटीच्या इंजिनाचा पंखा. पाण्याखाली गरगर फिरायचं आणि बोट पुढे ढकलायची, हे माझं काम. इंग्रजीत मला प्रॉपेलर म्हणतात, पण मला इथे आणणारे मुरलीधरकाका मूळचे हर्णैचे, आणि त्यांच्या बंदरावर सगळे माझ्यासारख्यांना पंखाच म्हणत. सध्या माझा मुक्काम लंडनमधल्या एजवेअरला, एका हॉलच्या खिडकीत आहे. दर शनिवारी इथे मराठीचा वर्ग भरतो. काका तो वर्ग घेतात. मुलं येता-जाता माझ्या पात्यांवर बोट फिरवून धार बघतात. धार आता फारशी राहिली नाही. ती होती तेव्हा मी काय केलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं पोलाद साच्यात ओतलं, थंड केलं, आणि मग एका कामगाराने दोन दिवस मला घासलं. मी इतका चकाकू लागलो की त्याला माझ्यात स्वतःचं तोंड दिसलं. तेव्हापासून मला माझ्या चकाकीचा गर्व होता. आम्हा पंख्यांना मिरवायला दुसरं असतं तरी काय?

मला विकत घेतलं यूअन नावाच्या माणसाने. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात त्याची बोट होती. लोकांना समुद्रात नेऊन बास्किंग शार्क दाखवायचे, त्यांच्याजवळ पोहू द्यायचं, हा त्याचा धंदा. शार्क म्हटल्यावर तुम्ही दात आठवून घाबरलात ना? हा मासा कुणाला चावत नाही. आठ-नऊ मीटर लांब असतो, दरवाजाएवढं तोंड उघडून हळूहळू पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. उन्हाळ्यात तो पृष्ठभागाजवळ येतो, आणि पाठीवरचा त्रिकोणी पर पाण्याबाहेर दिसतो.

यूअन कडक होता. त्याचा पहिला नियम माझ्याविषयीच होता. शार्क शंभर मीटरच्या आत दिसला की पंखा बंद. मग लोकांनी गुपचूप पाण्यात उतरायचं, जागेवर तरंगायचं, आणि मासा आपणहून आला तर बघायचा. त्याच्या मागे जायचं नाही. लोक परत बोटीत आले आणि मासा लांब गेला, की मगच पंखा सुरू. दिसतो एक आणि पाण्याखाली असतात तीन, असं यूअन रोज सांगायचा. पाच उन्हाळे मी हा नियम पाळला. पाळला म्हणजे काय, मला थांबवलं की मी थांबत होतो. स्वतःहून थांबणं माझ्या हातात नाही, आणि मला तर हातही नाहीत. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा देऊन बघितली आहे.

सहाव्या उन्हाळ्यात तनिषा सुकाणूवर आली. ती एडिनबरात जन्मलेली. आईवडील पुण्याचे, दोघंही हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिने सागरी जीवांचा अभ्यास केला होता आणि नुकताच बोट चालवायचा परवाना मिळवला होता. मला ती आवडायची. संध्याकाळी बोट वर ओढली की ती मला गोड्या पाण्याने धुवायची.

ऑगस्टमधल्या एका स्वच्छ दिवशी बोटीवर दहा पाहुणे होते. त्यांत मुरलीधरकाका होते. त्यांची पंचाहत्तरी झाली म्हणून मुलीने, वैभवीने, ही सहल त्यांना भेट दिली होती, आणि तीही बरोबर आली होती. रबरी पोशाखात शिरताना काकांचा जीव मेटाकुटीला आला. तनिषाचं आडनाव ऐकताच मात्र ते खुलले. त्यांनी तिला घरच्या चिवड्याचा डबा पुढे केला, तिच्या आजोळाची चौकशी केली, आणि दुपारपर्यंत ती त्यांची बाळ झाली. तनिषाला मराठी समजायचं, बोलताना अडखळायची. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांसमोर वाकायचं, हसायचं आणि हो म्हणायचं, एवढं तिला पक्कं येत होतं.

त्या दिवशी सकाळी एका गृहस्थाने शार्कच्या शेपटीला हात लावू द्या म्हणून हट्ट धरला होता. तनिषाने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नो. सॉरी, नॉट ऑन धिस बोट." तो गप्प बसला. मला तिचा अभिमान वाटला होता.

दुपारपर्यंत सगळ्यांना शार्क दिसला, काका सोडून. तीनदा ते पाण्यात उतरले. तीनदा मास्कमध्ये पाणी शिरलं आणि तो नीट करेपर्यंत मासा निघून गेला. आता सगळे बोटीत परतले होते. यूअन पुढच्या बाजूला लोकांना गरम चहा देत होता. तेवढ्यात सत्तर मीटरवर एक पर वर आला. काकांनी मास्क चढवला, बोटीच्या कडेवर पालथे झाले आणि मान वळवून म्हणाले, "तनिषा बाळ, बोट थोडी पुढे घे ना. एवढं लांब नाही गं पोहवत मला. आपल्या माणसासाठी एवढं कर."

नियम तिला पाठ होता. तिने एकदा पराकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"हो काका," ती म्हणाली. आणि मी फिरलो.

दूरचा पर दूरच होता. पण त्याच्यामागून दुसरी मुशी येत होती, पाण्याखालून, आमच्या अगदी जवळून. काका शार्कला मुशीच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. काकांनी मास्क पाण्यात बुडवला होता. त्यांनी तिला बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा जीव त्यांच्या नाकासमोरून चालला होता, आणि ते बघतच राहिले. ती बोटीखाली शिरली. तिचा पर माझ्यात आला.

मित्रांनो, मी पोलाद आहे. मला दुखलं नाही. हे मी अजून स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

एक लहानसा धक्का बसला. तनिषाने झटकन इंजिन बंद केलं. मुशी खोल गेली. काकांनी मान वर काढली तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, समथिंग हिट झाला का?" तनिषाने विचारलं.

"नाही गं. लाट असेल." मग मास्क काढून ते म्हणाले, "दिसली मला. फार सुंदर होती."

लाटेचं ते तनिषाला वाचवण्यासाठी बोलले की स्वतःला, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. बोटीवर टाळ्या वाजल्या. वैभवीने वडिलांचा फोटो काढला.

संध्याकाळी बोट बंदरात आली. इंजिन वर उचललं तेव्हा तनिषाने मला बघितलं. माझ्या एका पात्यावर काळा, उग्र वासाचा चिकट लेप होता. या माशाच्या अंगावर असाच लेप असतो, हे ती पुस्तकात शिकली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, फडकं घेतलं आणि मला पुसलं. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा पुसलं. लेप गेला. मुशीच्या खरखरीत कातडीने पात्यावर उमटलेले तीन बारीक ओरखडे मात्र राहिले. मग तिने रोजचा तक्ता भरला. अपघाताच्या रकान्यात लिहिलं, काही नाही. मी मावळत्या उन्हात चकाकत होतो, आणि मला पहिल्यांदा माझ्या चकाकीची लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात ती मुशी परत आली. जुलैमध्ये एक पर वर दिसला आणि त्याच्या टोकाजवळ दोन खोल खाचा होत्या. यूअनने दुर्बिणीतून पाहिलं. तो हळहळला. कुठल्यातरी मच्छीमार बोटीने केलं असणार, असं त्याने पाहुण्यांना सांगितलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. पाहुण्यांनी त्या न पाहिलेल्या मच्छीमाराला नावं ठेवली. तनिषा सुकाणू धरून उभी होती. त्या वर्षी ती कुठल्याच शार्कच्या दोनशे मीटरच्या आत गेली नाही. पाहुणे कुरकुरायचे. ती मला आता धूत नसे. ते काम ती दुसऱ्या कुणालातरी सांगायची.

यूअनने त्या पराचा फोटो आपल्या वेबसाइटवर टाकला. एजवेअरमध्ये काकांनी तो पाहिला. सप्टेंबरमध्ये, हंगाम संपताना, काका एकटेच ट्रेनने निघाले आणि बस बदलत बदलत बंदरात येऊन पोचले. बोट किनाऱ्यावर काढून ठेवली होती. काका आणि तनिषा तिच्या मागच्या बाजूला दगडावर बसले. मी त्यांच्या डोक्यांच्या मागेच होतो. चिवड्याचा डबा काकांच्या मांडीवर होता, पण त्यांनी तो उघडला नाही.

"मी बघत होतो," काका म्हणाले. "ती येताना दिसली मला. थांब म्हणायला हवं होतं. तोंडून निघालंच नाही. आणि मग तुझ्याशी खोटं बोललो."

 तनिषा वाळूकडे बघत म्हणाली, "काका, मला पण माहीत होता. मी ते पुसला."

"तू मला 'नाही' का नाही म्हणालीस? सकाळी त्या माणसाला किती स्पष्ट सांगितलंस."

"त्याला इंग्लिशमध्ये सांगितला. मोठ्यांना मराठीत नो कसा म्हणायचा, मला कोणी शिकवलाच नाही. आय ओन्ली नो हो काका."

काकांनी डोळे पुसले. चाळीस वर्षं ते मुलांना मराठी शिकवत होते. नमस्कार कसा करावा, वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं, सगळं शिकवलं होतं. हे एक त्यांनीही कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

तक्ता तिने भरला होता, तेव्हा यूअनला सांगणार तीच, असं तनिषा म्हणाली. पुढे घे असं म्हटलं होतं काकांनी, तेव्हा तेही बरोबर गेले. यूअनने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही, आणि तेच तनिषाला जास्त लागलं. त्याने जिथे कळवायचं तिथे कळवलं, वेबसाइटवर त्या फोटोखाली खरं काय ते लिहिलं. पुढच्या वर्षाची निम्मी बुकिंग रद्द झाली. तनिषाला पूर्ण हंगाम सुकाणू सोडावं लागलं. नव्या पंख्याभोवती जाळी बसली. यूअनने पाना घेऊन मला काढलं तेव्हा काकांनी मला मागून घेतलं. टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून त्यांनी मला लंडनला आणलं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि मुलांना सगळी हकीकत सांगितली. स्वतःचं खोटंही त्यांनी वगळलं नाही. मग ते म्हणाले, "आता मी म्हणतो, बोट पुढे घे. तुम्ही काय म्हणाल?"

 मुलं एकमेकांकडे बघू लागली. दारात उभ्या असलेल्या काही आयांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी आठ वर्षांचा कुश अगदी पुटपुटला, "नाही, आजोबा." काकांनी त्याला ते मोठ्याने म्हणायला लावलं. तेव्हापासून दर शनिवारी पाच मिनिटं हा सराव चालतो. काका गोड बोलून, रागावून, लाडीगोडी लावून काहीतरी नको ते मागतात आणि मुलं नाही म्हणतात. मुलांना हा खेळ वाटतो.

या उन्हाळ्यात तनिषाचा फोन आला. दोन खाचांची मुशी दिसली नाही. ती दुसरीकडे गेली असेल, किंवा नसेलही. काकांनी मुलांना तेवढंच सांगितलं. मी रोज तिचा विचार करतो. माझ्यापाशी दुसरं काम नाही.

मित्रांनो, समुद्रातल्या मोठ्या जिवांना भेटायला जरूर जा. पण त्यांना आपल्याकडे येऊ द्या. तुमच्या बोटीचा पंखा कधी फिरतो आणि कधी थांबतो, तेवढं बघा. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.

परवा हॉलमध्ये दिवाळीची तयारी चालली होती. काकांनी समया घासल्या, तबक घासलं. हाताला लागलेली सवय ती. त्याच ओघात त्यांनी मला जवळ ओढलं, फडक्यावर पॉलिश घेतलं आणि त्या तीन ओरखड्यांवर ते टेकवलं.

"थांबा आजोबा," मागून कुश म्हणाला. "ते नाही पुसायचं."

काकांचा हात थांबला. त्या दिवशी बोटीवर एवढा एकच शब्द हवा होता.