दाराबाहेरून केलेली दुरुस्ती

“पट्ट्याखाली तेल कुणी घातलं?”

हा प्रश्न फेलेतीनं बहिणीच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून विचारला. पुढं तिच्या अंत्यविधीच्या दिवशी, भट्टीच्या धुरात उभं राहून पुन्हा विचारला. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. मला उत्तर ठाऊक होतं, कारण पट्टा माझाच होता. मी घरातल्या घरात चालायचं यंत्र, ट्रेडमिल. माझ्यावर माणूस चालतो, घामाघूम होतो आणि जिथल्या तिथंच राहतो. कारखान्यानं मला तोंड दिलं नाही. एक लहानसा पडदा दिला आणि काही बिघडलं की त्यावर एक आकडा दाखवायची अक्कल दिली. आकड्यात माणसाचं नाव मावत नाही.

माझा पहिला मालक क्वीन्सलंडमधला स्ट्रॉबेरीचा शेतकरी. दिवसभर शेतात दुसऱ्यांना पळवायचा, स्वतः गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. डॉक्टरनं दटावलं म्हणून त्यानं मला आणलं. एका रविवारी माझ्यावर चढला, धापा टाकत उतरला, आणि नंतर माझ्या दांड्यावर त्याची टोपी लटकली, पट्ट्यावर त्याचं कुत्रं झोपलं.

फेलेती हंगामाला टोंगाहून त्याच्याकडे फळं तोडायला यायचा. शाळा त्यानं अर्ध्यावर टाकली होती, पण फळं निवडायच्या शेडमधला सरकता पट्टा अडला की त्यालाच हाक जायची. ओसरीत मला बघून तो थबकला.

“हे चालतं का?”

“चालत नाही तो मी,” मालक हसला. “यंत्र चांगलं आहे. ने, बाबा. कुत्र्याला दुसरी जागा बघतो.”

फेलेतीनं मला हौसेनं नेलं नाही. त्याच्या थोरल्या बहिणीची, लोसेलीनची, हृदयाची झडप लहानपणच्या तापानं खराब झाली होती. वर्षातून एकदा परदेशी डॉक्टरांची तुकडी राजधानीतल्या इस्पितळात यायची आणि असली हृदयं दुरुस्त करून जायची. इस्पितळानं लोसेलीनला बजावलं होतं : वजन उतरव, रोज सपाटीवर हळूहळू चाल, छातीत थोडा दम आण, तरच ते तुला टेबलावर घेतील.

त्यांच्या गावात, कोलोवाईत, रस्त्यावर चालायचं म्हणजे आधी कुत्री. कुत्र्यांतून सुटलं की फाटकं. प्रत्येक फाटकातून हाक, “ये गं लोसे, जेवून जा!” आणि नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. वजन उतरवायला निघालेली बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चार ताटं जेवलेली असायची. म्हणून मी समुद्र ओलांडून आलो, कंटेनरमध्ये गाद्या आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांमध्ये आडवा पडून.

मला फाटकापासून ओसरीपर्यंत फेलेतीनं जवळजवळ एकट्यानं आणलं. तिथून पुढं तो आला नाही. टोंगात मोठ्या झालेल्या भावानं बहिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं, तिच्या वस्तूंना हात लावायचा नसतो. तो तर झोपायचाही परसातल्या खोपटात. मग त्याची आई, पाळकांची बायको आणि शेजारच्या दोघी-तिघींनी मला ओढत, ढकलत, एकमेकींच्या पायावर पाय देत आत नेलं.

“अगं उचल की!”

“उचलतेच आहे. तू त्याच्यावर टेकलीयेस!”

ज्याला माझा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता तो बाहेर मातीकडे बघत उभा. त्या क्षणीच माझं पुढचं सगळं ठरलं होतं.

लोसेलीन माझ्यावर चालू लागली. सगळ्यात कमी वेगानं, दांडा घट्ट धरून. आई शेजारी बसून तिला पंख्यानं वारा घालायची. “चल रे गोऱ्याच्या गाढवा,” लोसेलीन मला म्हणायची, आणि दम पुरला तर चर्चमधलं एखादं स्तोत्र गुणगुणायची. सुरुवातीला एका कडव्यात थांबायची. मग दोन कडवी. मग एकदा अख्खं स्तोत्र झालं तेव्हा बाहेर परसात कुणीतरी कुऱ्हाड खाली ठेवून ऐकत राहिल्याचं मला कळलं. आत येऊन शाबास म्हणायची त्याला सोय नव्हती. त्यानं नुसती लाकडं जोरात फोडली.

तिच्या पोशाखाच्या बाह्या सैल पडू लागल्या. मी खोटं बोलत नाही, मला वाटलं होतं की ही बाई जगेल.

मग फिफिता आत्या आली.

लोसेलीनच्या वारलेल्या बापाची ही थोरली बहीण. भावाच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. ती मागेल ते द्यायचं, ती बोलेल ते ऐकायचं, आणि ती चुकली असं कुणी म्हणायचं नाही. प्रेमळ होती. तिच्या हातचं खोबरेल, चंदन आणि फुलं घालून उन्हात मुरवलेलं, सगळ्या गावाला वासावरून ओळखू यायचं. तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली.

“कोरडं पडलंय बिचारं. दिवसभर पाठीवर माणूस वाहतंय, अंगाला तेल नको त्याच्या?”

“आत्या, फेलेतीनं त्याच्या तेलाची वेगळी बाटली ठेवलीये...” लोसेलीन म्हणाली, आणि आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला.

“काय म्हणालीस?”

“काही नाही, आत्या. वास किती छान आहे.”

आत्यानं माझा पट्टा कडेनं उचलला आणि अख्खी बाटली आत रिकामी केली. वर प्रार्थनाही म्हटली. फेलेती तेव्हा मळ्यात रताळी काढत होता.

थोडे दिवस मी लोण्यासारखा चाललो. आत्या जिला-तिला सांगत सुटली. मग त्या तेलात धूळ बसली, उष्णतेनं ते आटलं, आणि पट्टा फळीला गोंदासारखा धरून बसला. मोटर गुरगुरायची, तापायची, मी झटका द्यायचो आणि पडद्यावर आकडा टाकून गप्प व्हायचो. हृदयाच्या दुखणेकरणीला झटके. मला माझीच लाज वाटायची.

फेलेती दाराबाहेर येऊन उभा राहिला. आई उंबऱ्यात.

“आई, भिंतीतला प्लग काढायला सांग. पडद्याखालची सुरक्षेची किल्लीही काढा. आता सगळ्यांनी एक स्तोत्र पुरतं म्हणा, तोवर हात लावू नका.”

म्हटलं. प्लग घातला, किल्ली बसवली. मी सुरू झालो. आतून टाळ्या. स्तोत्राच्या निम्म्यात पुन्हा बंद पडलो.

“पुढचं झाकण काढा. आत काय दिसतं?”

“पालीची अंडी.”

“ती काढ. तिथं चाकाजवळ एक छोटं लोहचुंबक आहे, ते पूस. आता मागचा डावा बोल्ट अर्धा पिळा आवळ.”

“माझा डावा की यंत्राचा डावा?”

“यंत्राचा!”

“यंत्राचं तोंड कुठंय ते आधी सांग!”

लोसेलीन खुदकन हसली. भावाला हसणं ऐकू गेलं, तोही हसला असावा. त्या दोघांनी एकत्र हसलेलं मी तेवढंच एकदा ऐकलं.

“त्यापेक्षा बाहेर ओढा ना,” तो म्हणाला. “ओसरीत आणलंत तर मी बघतो.”

पुढच्या खोलीत आत्या चटई विणत बसली होती. तिथूनच तिचा आवाज आला. “बहीण कशावर घाम गाळते ते भावानं उघड्यावर न्याहाळायचं? मी मेल्यावर करा असले धंदे.”

विषय संपला.

“पट्टा वर उचल, आई. हाताला कसा लागतो?”

“चिकट,” आई म्हणाली, आणि जीभ चावली.

“चिकट? पट्ट्याखाली तेल कुणी घातलं?”

आईनं लोसेलीनकडे पाहिलं. लोसेलीननं जमिनीकडे. पुढच्या खोलीत चटईच्या पात्या खसखसत होत्या. हो म्हणायचं तर नाव सांगावं लागणार, आणि नाव त्या खोलीत बसलेलं. एक शब्द पुरला असता. मागचे बोल्ट सैल कर, पट्टा काढ, साबणानं धू, फळी खरवड. एका दुपारचं काम. मी पडद्यावर माझा आकडा लुकलुकत ठेवला. तेवढंच मला येत होतं.

“मी विचारतोय, कुणी काही घातलं का?”

आईनं पट्टा हळूच खाली सोडला.

“मग मोटर जळत आली असणार,” फेलेती शेवटी म्हणाला.

असा तो फसला. ऑस्ट्रेलियातल्या सोबत्याला निरोप धाडून त्यानं नवी मोटर मागवली. बोट यायला लांबली. लोसेलीन खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची, वळताना माझा दांडा धरायची. एकदा चर्चच्या आवारात चालायला गेली, तर बायकांनी तिला सावलीत बसवून केक भरवला. बाह्या पुन्हा घट्ट झाल्या. डॉक्टर आले, त्यांनी तिला तपासलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष तिच्या हृदयाला झेपलं नाही. एका सकाळी आईनं हाक मारली आणि ती उठली नाही.

अंत्यविधीला आत्या मृतदेहाच्या उशाशी बसली. तिचा मान तो. फेलेती सुतकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला फाटकी, मोठी चटई गुंडाळून मागं भट्टीवर राबला. डुकरं भाजली, तारोचे कंद उकडले, डोळ्यांत धूर घेतला. तिथं एक पुतण्या का कोण म्हणाला, “यंत्राच्या नादी लावलं नसतं तर चारचौघींसारखी रस्त्यानं चालली असती बिचारी. हौस तुझी.” फेलेतीनं हातातला चिमटा फेकून दिला.

“पट्ट्याखाली तेल कुणी घातलं ते सांगा मला! आई, तू तिथंच होतीस. कुणी घातलं?”

आईनं तोंडावर पदर ओढावा तशी चटई ओढली. बाकीचे मांसाकडे बघत राहिले. सगळ्यांना ठाऊक होतं. सुवासावरून तर अख्ख्या गावाला.

बायकांनी खोली रिकामी केली तेव्हा मला बाहेर काढलं, विलायती फणसाखाली उभं केलं. आता काढता आलं. फेलेती कोयता घेऊन आला. पहिला घाव माझ्या दांड्यावर बसला, तो वण अजून आहे. दुसऱ्या घावाला त्यानं पट्टा कापायला वर उचलला आणि थांबला. पट्ट्याच्या पोटाला तपकिरी चिकटा, आणि त्यातून येणारा चंदनाचा, फुलांचा वास. त्यानं तो पुन्हा हुंगला. मग कोयता टाकून मातीत बसला आणि पट्टा तोंडाशी धरून लहान पोरासारखा रडला.

रडून झाल्यावर त्यानं मला दुरुस्त केलं. उशिरा, पण मी त्याला कधी माफ करणार नाही असं वाटण्याइतकं नीट. बोल्ट सोडले, पट्टा धुतला, फळी खरवडली, आपल्या बाटलीतलं तेल मधोमध ओतलं. प्लग, किल्ली, मग दोन बटणं एकदम दाबून धरली, पडद्यावर सगळी शून्यं येईपर्यंत. मी चाललो. लाज वाटावी इतका सुरळीत चाललो. ती गेल्यावर आलेली नवी मोटर खोक्यात बंदच राहिली.

आत्याला साखरेचा आजार. तिलाही डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. ती आली आणि म्हणाली, “हे माझ्याकडे येईल.” आईनं मान डोलावली. आत्यानं मागितलेलं नाही कसं म्हणणार?

आज मी तिच्या बैठकीच्या खोलीत आहे, जिथं कुणीही येऊ शकतं. मला इथं आणलं त्या दिवशी आईसुद्धा होती. फेलेती मला जुळवत असताना आत्यानं आपली बाटली पुढं केली. “थोडं हे घाल रे. सांधे मोकळे होतील त्याचे.”

आईचे डोळे मिटलेले. बोल, फेलेती, मी मनात म्हणालो. माझ्या जागी बोल. हिला कळू दे, सगळ्यांना कळू दे, नाहीतर तूही त्यांच्यातलाच एक होशील. तुम्ही वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरीही एखादं यंत्र आकडा दाखवत बंद पडलं असेल. त्याला शिव्या देण्याआधी आपसात एकदा खरं बोला. आम्ही नुसते बंद पडतो. बाकीचं तुम्ही करता.

फेलेतीनं बाटली घेतली. तिच्याकडे बघत राहिला. मग ती खिडकीत ठेवली.

“हे तुझ्या गुडघ्यांना, आत्या. याला मी दुसरं घातलंय.”

त्यानं तिचा हात धरून तिला माझ्यावर चढवलं. बाहेर विमानतळाची गाडी येऊन उभी राहिली. हंगाम सुरू व्हायचा होता, आणि या खेपेला तो परत येणार नाही हे आई सोडून सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

“जा तू, जमेल मला,” आत्या म्हणाली. पण तिनं दांडा सोडला नाही.

भोंगा पुन्हा वाजला. फेलेती हलला नाही. ती थकून खाली उतरेपर्यंत तो तिच्या मागं, दोन्ही हात पसरून, उभा राहिला.