यंत्राला मजला कळत नाही

आमच्या दादाशी मी अकरा वर्षं बोललो नाही, आणि त्या अकरा वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की आम्ही बोललो नाही. तुम्हाला हे कोडं वाटेल. आमच्या बायकोलाही वाटायचं, आणि ती तर याच घरात राहते.

सांगतो. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर, आम्ही दोघं खालच्या. मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. दादा आणि मी, दोघंही हौशी रेडिओवाले, रीतसर परवाना असलेले. सरकारने लहरींचे काही पट्टे आमच्यासारख्या छंदिष्टांना नेमून दिलेत, त्यात जगभरच्या लोकांशी हवं तेवढं बोलायचं, पट्ट्याबाहेर तोंड उघडायचं नाही. मला मोर्स, म्हणजे आखूड ठोक्यांची आणि लांब रेघांची लिपी, शिकवली दादानेच, मी आठ वर्षांचा असताना, जमिनीवर काठी आपटून आपटून. चुकलो की म्हणायचा, "ठोंब्या." आज मी एकोणसत्तरचा आहे, आणि जगात मला ठोंब्या म्हणणारा तो एकटाच.

भांडण झालं ते तांदळाच्या दाण्याएवढ्या डायोडवरून. मी नवा सेट घेतला होता. मी आयुष्यभर या खालच्या खोलीत रेडिओदुरुस्ती केली, त्यामुळे मला ठाऊक होतं, की अशा सेटच्या पोटात एक डायोड असतो आणि तो कापला की सेटला पट्ट्याबाहेरही बोलता येतं. मी कापला. म्हटलं, उद्या पूर आला, फोन बंद पडले, तर आणीबाणीला कोणालाही हाक मारता यायला हवी. दादा म्हणाला, सेट तसा करणं हाच गुन्हा. मी म्हणालो, बोललो तर गुन्हा. घरात सुरी आहे म्हणून मी खुनी ठरतो का? तो म्हणाला, खुनी नाहीस, मूर्ख आहेस. मी म्हणालो, तू म्हातारा कायदा आहेस, तुला वाळवी लागलीय. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं.

पण आमच्या रेडिओवाल्या मंडळींत एक रीत आहे. हवेत कोणी तुम्हाला पुकारलं की उत्तर द्यायचं, रुसवेफुगवे जमिनीवर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दादाने माझी कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची माझी खूण, पुकारली. काय करणार, मी उत्तर दिलं. तेव्हापासून रोज. आधी एकमेकांच्या आवाजाचा दर्जा सांगायचा: पाच-नऊ, म्हणजे याहून स्वच्छ ऐकू येणं शक्य नाही. डोक्यावर दहा फुटांवर बसलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? मग हवामान. तो म्हणायचा, वरच्या मजल्यावर ढगाळ आहे. मी म्हणायचो, खालीही ढगाळच. धन्यवाद, शुभेच्छा, संपलं. आणखी चाळीस रिकामटेकडे कान लावून बसलेले असतात, त्यांच्यासमोर घरचं कुठे उगाळत बसायचं? नंतर जिन्यात गाठ पडली तर दोघंही भिंतीकडे बघायचो. गेल्या वर्षी तोही प्रश्न मिटला, कारण दादाचे गुडघे गेले आणि तो खाली यायचाच बंद झाला. त्या सेटशिवाय त्याला जगाकडे जायला दुसरं दार उरलं नाही.

तर गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी पावणेतीनला परवाना ऑफिसचे तपासनीस आले. दारात त्यांची गाडी, गाडीच्या टपावर गोल फिरणारं यंत्र. त्यांनी बूट काढले, पाणी घेतलं आणि सांगितलं, की लागोपाठ तीन बुधवार दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बस डेपोच्या चॅनेलवर कोणीतरी घुसून बोलतंय, आणि यंत्राने दिशा दाखवलीय ती थेट या घराची. यंत्राला दिशा कळते, मजला कळत नाही. आणि बेल खालच्या दाराला आहे.

मी हसलो. डेपोच्या चॅनेलवर मी कशाला मरायला जाऊ? पण साहेबांनी माझा सेट उघडला, आणि जिथे डायोड असायला हवा तिथे बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, कापलाय. मग विचार केला, अनायासे माणूस घरात आलाय तर विचारून घ्यावं. अकरा वर्षं मी या प्रश्नावर रक्त आटवलंय. कापणं हा गुन्हा, का बोलणं हा?

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि चांगली दहा मिनिटं वाचत बसले.

"कलम नऊप्रमाणे कापणं हाच गुन्हा," ते म्हणाले. "कलम एकोणीसप्रमाणे बोलल्याशिवाय गुन्हा होत नाही. दोन्ही कलमं लागू आहेत. तुम्ही कोणत्या कलमाचे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे अकरा वर्षं आम्ही दोघंही बरोबर होतो आणि भिंती बघत होतो! मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी डेपोची तक्रार काढली. डेपोच्या मॅनेजरचं म्हणणं असं, की बुधवारी तीन-दहाला ड्रायव्हर लोक बस कडेला घेऊन ऐकत बसतात, उतारूही खाली उतरत नाहीत, सात नंबरची बस तर तीनही वेळा वीस मिनिटं उशिरा आली. सोबत कोणी काय बोललं ते टाइप केलेलं होतं. साहेब ते वीजबिल वाचावं तसं वाचू लागले.

"पहिला बुधवार. ठोंब्या, ऐकतोयस का. नसशीलच. म्हणून तर बोलतोय. पूर्णविराम."

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"दुसरा बुधवार. सुरीचं तुझं बरोबर होतं. पण म्हातारा कायदा म्हणालास ते फार लागलं रे. तिसरा बुधवार. सकाळी मी हवामान सांगतो तेव्हा मला हवामान सांगायचं नसतं. मी मोठा, आधी मीच खाली यायला हवं होतं. आता गुडघे उतरू देत नाहीत. पूर्णविराम."

साहेब कागद घडी करत होते आणि मला फक्त एवढंच कळत होतं, की कलम नऊच्या त्या माणसाने स्वतःचा डायोड कापलाय. जिथे आमचे चाळीस जण ऐकणार नाहीत आणि मीही ऐकणार नाही अशी जागा शोधून तो मनातलं बोलला, आणि ती जागा नेमकी बस डेपोची निघाली. आता मी 'मी नव्हे' म्हणालो की साहेब जिना चढणार. दादाचा सेट जाणार. मग त्याने दिवसभर काय करायचं, छत बघायचं?

"आवाज माझाच आहे," मी म्हणालो.

साहेबांना ते पटलं नाही. माणूस स्वतःला ठोंब्या कशाला म्हणेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बायकोला विचारा. आमची बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पापणीही न लववता ती म्हणाली, की दिवसातून चारदा म्हणतात, आणि त्यांना शोभतंही.

तरी आवाज जुळवायलाच हवा, साहेब म्हणाले. त्याच चॅनेलवर, त्याच वेळी, तोच मजकूर मी बोलायचा, ते गाडीत बसून ऐकणार. मी विचारलं, म्हणजे मी आता गुन्हा करायचा का? तर तपासासाठी केलेला गुन्हा मोजत नाहीत म्हणे, नुसता दोन प्रतींत लिहितात.

घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती. तीन मिनिटांत वर दादाही माइक हातात घेणार, एकाच चॅनेलवर दोन म्हातारे निघणार आणि सगळं उघडं पडणार. बायको गुपचूप जिन्याकडे सरकली, तर साहेबांनी तिला साक्षीदार म्हणून बोलावून सह्यांना बसवलं. सह्या आठ होत्या. मग तो टाइप केलेला कागद माझ्या हातात देऊन ते गाडीत गेले.

तीन-नऊलाच मी माइक दाबला. अकरा वर्षांपूर्वी कापलेल्या डायोडचा पहिला उपयोग तो. कागद समोर धरून म्हणालो, "ठोंब्या, ऐकतोयस का." वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. म्हणजे ऐकत होता. मी पुढचं वाचत गेलो, सुरीचं, म्हाताऱ्या कायद्याचं. गुडघ्यांपाशी आलो आणि अक्षरं दिसेनात. कागदावर नसलेलं बोलून गेलो.

"मला गुडघे आहेत की. माझंही चुकलं. आता तिकडून एक शब्द बोलू नकोस, मी येतोय."

मी बटण सोडलं. चॅनेल खरखरलं. मग एका ड्रायव्हरचा आवाज आला, की सात नंबर, ऐकलं का, धाकटा बोलला एकदाचा. सात नंबर म्हणाला, ऐकलं, आणि नाक शिंकरलं. दादाचा आवाज आला नाही.

साहेब आत आले तेव्हा छतावर काठी वाजत होती. पाच बारके ठोके. मग काठी चार वेळा जमिनीवरून ओढल्याचा आवाज, शेवटी एक बारका ठोका. मोर्समध्ये पाच-नऊ. साहेब मान वर करून शेवटचा ठोका पडेपर्यंत उभे राहिले. ते काही बस डेपोचे नव्हते, रेडिओचे होते. त्यांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही.

वर कोण असतं, त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, थोरले भावोजी, गुडघ्यांनी अधू आहेत, कोणाशी बोलत नाहीत.

साहेबांनी थोडा वेळ पेन हातात धरलं आणि मग लिहिलं: आवाज जुळला. माझा परवाना एक वर्ष स्थगित, सेट सीलबंद. "वरच्या मजल्याची तक्रार आलेली नाही," ते बुटात पाय घालताना म्हणाले आणि गेले.

मी चौदा पायऱ्या चढलो. दार उघडंच होतं. दादा सेटपुढे माझ्याकडे पाठ करून बसला होता, काठी मांडीवर. समोर काडेपेटीचं झाकण, त्यात कापलेला डायोड.

"कधी कापलास?" मी विचारलं.

"महिना झाला."

"बेकायदा आहे ते. कलम नऊ."

"तूच म्हणाला होतास ना, आणीबाणीला लागेल म्हणून." तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांनी मी त्याचं तोंड नीट बघत होतो, फार म्हातारा झाला होता. "पूर नाही आला, ठोंब्या. पण लागला."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. वहिनीने दुसरी खुर्ची आणून त्याच्या शेजारी ठेवली.