दिवंगत वडिलांच्या स्मृतीस

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर पुठ्ठेकाकांचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच ठाऊक असावं, आणि तीही ते घेत नसे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प शिवायचे, पाठीला खळ लावून पुठ्ठ्यात बसवायचे आणि वर सोनेरी अक्षरं ठोकायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. ज्ञान किती खोल आहे ते विद्यापीठ बघे. किती जाड आहे ते काका बघत.

मजकूर वाचायचा नाही, हा धंद्याचा नियम. पानांचे आकडे तेवढे ओळीनं आहेत का पाहायचं. त्रेचाळीसनंतर पंचेचाळीस आलं तर विद्यार्थ्याला हाक मारायची. चव्वेचाळिसाव्या पानावर काय होतं हे विद्यार्थ्यालाही ठाऊक नसे. "चालेल हो काका, तसंच शिवा," असं तो म्हणे, आणि काका तसंच शिवत.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांना पहिली शंका आली. लेक चिऊ परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रकल्प उद्या दुपारपर्यंत द्यायचा होता.

"मग आण की दुकानात. रांगेत पहिला घेतो तुझा," काका म्हणाले.

"नको बाबा. ते... कॉलेजच करून घेणार आहे."

"कॉलेज कधीपासून सुई धरायला लागलं?"

चिऊची आई ओट्याकडे वळून आधीच स्वच्छ असलेलं पातेलं पुन्हा घासू लागली. शिंप्याच्या पोरीनं कपडे बाहेर शिवायला टाकावेत, तसं काहीतरी काकांना वाटलं. पण दुकान उघडायची वेळ झाली होती.

दहाच्या सुमारास 'सर्वविषय'कडून गठ्ठा आला. सर्वविषय म्हणजे समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा एक गृहस्थ. दारावर पाटी होती, 'अभ्यासात साहाय्य : सर्व विषय'. साहाय्य म्हणजे काय, तर विद्यार्थ्यानं नाव आणि विषय सांगायचा, बाकीचं सगळं साहाय्य. वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, पूलबांधणी, बालमानसशास्त्र, सगळं एकाच टेबलावर, एकाच कळफलकावर. फाटकातून आत जाणाऱ्या निम्म्या विद्येचा उगम त्या दुसऱ्या मजल्यावर होता. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नसे.

गठ्ठ्यात बारा प्रकल्प होते. काकांनी पहिला उघडला. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका : 'माझ्या दिवंगत वडिलांच्या स्मृतीस, ज्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं.'

"अरेरे," काका म्हणाले आणि शिवायला घेतला.

दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात, चौथ्यातही. सहाव्या प्रकल्पाला काकांना वाटलं, विद्यापीठात वडिलांची साथ आली आहे की काय. पूलबांधणीवाल्याला ते ओळखत होते. त्याचे वडील तर परवाच दुकानात येऊन 'लवकर करा' म्हणून ओरडून गेले होते. मेलेल्या माणसाच्या मानानं आवाज खणखणीत होता. तरी काकांनी त्याचाही शिवला. नियम म्हणजे नियम.

बारावा उघडला. विषय : 'लहान मुलांना वजनानुसार औषध देताना घ्यायची काळजी.' खाली चिऊचं नाव. आणि त्याखाली, माझ्या दिवंगत वडिलांच्या स्मृतीस.

काकांनी सुई ठेवली. हात छातीवर ठेवून पाहिला. चालू होतं.

मग बावीस वर्षांत पहिल्यांदा ते वाचायला बसले. फारसं कळलं नाही. पण चौदाव्या पानावर आकड्यांचा तक्ता होता, आणि आकड्यांशी काकांची ओळख होती. पाच किलोच्या बाळाला १.२५ मिली. साडेसात किलोच्या बाळाला १.९ मिली. दहा किलोच्या बाळाला २५ मिली. 'एवढी एकदम उडी?' त्यांना वाटलं. पानाच्या तळाशी कॉलेजातल्या मॅडमची, सर्वविषयनं परस्पर आणलेली सही होती : 'तपासले. उत्तम.'

त्यांनी बारावा प्रकल्प काखेत मारला, दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी घरी आले. चिऊ सकाळची ड्युटी करून जेवायला बसली होती. आईनं नवऱ्याला पाहून दुसरं ताट घेतलं.

"मेलेल्या माणसाला कशाला वाढतेस?" काका म्हणाले आणि प्रकल्प ताटात ठेवला.

चिऊनं अर्पणपत्रिका वाचली. तिचा घास हातातच राहिला. "हे मी नाही लिहिलं, बाबा!"

"तेच तर. यातलं तू काय लिहिलंयस?"

आई मध्ये पडली. "मीच म्हटलं तिला, घे करून. सगळी पोरं घेतात. ही सकाळी वॉर्डात, संध्याकाळी वॉर्डात, लिहायचं कधी? आणि वाचतं कोण ते? हिच्या मैत्रिणीनं मागच्या वर्षी स्वतः लिहिला, तर मॅडमनी काय विचारलं, की सोनेरी अक्षरं का नाहीत!"

"बरं. चिऊ, चौदावं पान काढ. काय आहे ते सांग मला."

चिऊनं नाइलाजानं पान काढलं. तक्त्यावरून बोट फिरवलं. दहा किलोशी बोट थांबलं.

"हे पंचवीस नाही. अडीच. टिंब राहिलंय." तिचा आवाज बारीक झाला. "पंचवीस दिलं तर बाळ..."

तिनं तक्त्यावरून बोट उचललं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे? रोज मोजून देते की मी."

"मग जे तुला येतं, ते ज्याला येत नाही त्याच्याकडून का लिहून घेतलंस?"

चिऊ उठली. डोळे भरले होते, पण आवाज धारदार होता. "आणि तुम्ही? आज सकाळपासून किती शिवलेत?"

"अकरा. सगळ्यांत हेच पहिलं पान."

"अकरा! अकरा जणांचे बाप तुम्ही हसत हसत मारलेत. बाराव्यात स्वतःची पाळी आली म्हणून तुमची नीती जागी झाली होय? बावीस वर्षं कुठे होती ती?"

खरं बोलणाऱ्या पोरीला उत्तर देणं बापाला जमत नाही, ओरडणं जमतं. ते ओरडले नाहीत, यातच सगळं आलं.

"हा शिवला नाही, तर सहा महिने मागे पडेल ती," आई म्हणाली. "रुग्णालयातली जागा जाईल. कळतंय ना?"

"ते तिला विचार."

चिऊनं प्रकल्प ताटातून उचलला, चौदावं पान पुन्हा एकदा बघितलं आणि कपाटातून आपली वॉर्डातली वही काढली. तीत तेलाचे डाग होते, बाळांची वजनं होती, तिनं स्वतःला विचारलेले प्रश्न होते. "उद्यापर्यंत होणार नाही," ती म्हणाली. "पण जे होईल ते माझं होईल."

आईनं पातेलं आपटलं. मग थोड्या वेळानं तिनंच टेबल पुसून लेकीला जागा करून दिली.

संध्याकाळी काका अकरा प्रकल्प घेऊन दुसरा मजला चढले. शिवण उसवून, पानं सुटी करूनच. सर्वविषय कळफलकावर झुकला होता. डाव्या हाताला पशुवैद्यक, उजव्या हाताला काव्यशास्त्र.

"हे काय? उसवलेत का?"

"आमच्याकडे आजपासून नवा नियम आहे. बांधून हवा असेल तर मालकानं स्वतः यायचं. मी कुठलंही पान उघडणार. त्यावर काय आहे ते सांगितलं, की सुई घेणार."

सर्वविषय हसला. "काका, मग गोण्या शिवायला घ्या आता."

"ती अर्पणपत्रिका कुठून आणलीस रे?"

हसू थांबलं. त्यानं कळफलकावरून हात काढले. "माझ्या स्वतःच्या प्रबंधातली आहे. बाबा गेले त्या वर्षी लिहिली. पुढचा प्रबंध झालाच नाही, इतरांचे आले. आयुष्यात मनापासून तेवढंच एक पान लिहिलं. म्हणून पुसवलं नाही."

"त्यांनी तुला प्रश्न विचारायला शिकवलं होतं."

"हो."

"मग एक विचार स्वतःला," काका म्हणाले आणि जिना उतरले. प्रश्न त्यानं विचारला की नाही, कळायला मार्ग नाही. पाटी अजून आहे. सुधारणा एका संध्याकाळी होते, असं फक्त भाषणात असतं.

अकराही जणांना दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पलीकडच्या गल्लीत दुसरा बाइंडर मिळाला. सगळे प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. चिऊनं वेळ चुकवली, सहा महिने मागे पडली, रुग्णालयातली जागा दुसरीला गेली. ती दुसरी स्वतः मोजते की तक्ता बघते, हे चिऊनं विचारलं नाही. पण त्या वॉर्डातलं बाळ कुणाचंही असू शकतं, वाचकहो. ते बाळ तुमच्या ओळखीतलं निघायला फार वेळ लागत नाही.

सहा महिन्यांनी चिऊ दुकानात आली, रांगेत उभी राहिली. काकांनी तिच्याकडूनही नियम पाळून घेतला. एकतिसावं पान उघडलं, तिनं न बघता सांगितलं. मग त्यांनी पहिलं पान पाहिलं : 'माझ्या हयात वडिलांस, ज्यांनी मला चौदावं पान वीचारलं.'

'विचारलं' मधल्या 'वि'ला तिनं दीर्घ वेलांटी दिली होती. काकांनी ती चूक तशीच राहू दिली. विकतच्या पानात असल्या चुका नसतात.

आता दुकानात गर्दी कमी असते. पूलबांधणीवाल्याला पुलांच्याच खात्यात मोठी नोकरी लागली, त्याचे वडील पेढे वाटत सांगत फिरतात. गेल्या महिन्यात नदीवर नवा पूल झाला. काकांच्या घरापासून दुकान त्यामुळे दहा मिनिटांनी जवळ आलं आहे.

काका मात्र रोज जुन्या पुलावरून वळसा घालून येतात. कुणी कारण विचारलं, तर म्हणतात, "नव्याची पानं मोजलेली नाहीत अजून."