रिसॉर्टवरचा भात

जयाच्या घरचा आठवडा रविवारी संध्याकाळी सुरू व्हायचा.

मुळशी धरणाच्या कडेला एका रिसॉर्टवर ती भांडी घासायला जायची. शनिवार-रविवार पुण्याची माणसं यायची, वैशाखात लग्नं असायची. जेवणावळी उठल्या की पातेल्यांच्या तळाशी जे उरायचं ते भांडीवाल्या बायका दिवस मावळायच्या आत वाटून घ्यायच्या. मॅनेजर मनीषसाहेब ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करून पुढं जायचे. तेवढं पुरेसं होतं.

घेऊन जाणाऱ्या बऱ्याच होत्या, पण ते पुरवावं जयानंच. पनीरच्या भाजीवरचा तेलाचा थर ती पळीनं अलगद काढून बरणीत भरायची, पुढचे दिवस फोडणीला तेच. भाजीचा घट्ट रस्सा पाणी घालून सरसरीत करायचा आणि त्यात घरची डाळ शिजवायची. पोळ्या उन्हात कडक करून कुस्करून ठेवायच्या. भाताचे ती तीन वाटे करायची. पहिला आल्या आल्या खायचा, दुसरा सकाळी फोडणीला, आणि तिसरा जुन्या लुगड्यावर पसरून पत्र्यावर वाळत घालायचा. तो खडखडीत वाळला की डब्यात जायचा आणि आठवड्याच्या शेवटी पुन्हा उकळून ताटात यायचा. नव्या माणसाला तो भात दोनदा शिजलाय हे कळलंही नसतं.

ही कला तिला हौसेनं आलेली नव्हती. नवरा बहिरू भुकूम गावात एका इमारतीच्या कामावर स्लॅबवरून पडला, तेव्हापासून तो कुबडीवर होता. कमरेत सळई घातली होती, पण ओझं उचलायचं काम कायमचं सुटलं. उतारावरच्या दोन खाचरांचं भात होळीपर्यंत पुरायचं. नंतर रेशन आणि जयाची मजुरी. खाणारी तोंडं चार: ती, बहिरू, पाचवीतून सहावीत गेलेली सृष्टी आणि बहिरूचा म्हातारा बाप कोंडिबा.

कोंडिबानं सारी उमर धरणात जाळी टाकली होती. आता दात राहिले नव्हते, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, आणि नाकाचं तर तो स्वतःच म्हणायचा, "मासळीच्या वासानं माझं नाक कवाच मेलंय." ताटात पडेल ते तो मुकाट खायचा. जया वाढायला वाकली की हात आडवा धरायचा.

"घ्या की मामा, हाय अजून."

"हाय तर पोरीला घाल. वाढतं अंग हाय तिचं."

जया दुसऱ्यांदा आग्रह करत नसे. पातेल्यात किती आहे ते तिला ठाऊक असायचं.

त्या रविवारी मोठं लग्न होतं. दुपारी पंगती उठल्या आणि भाताचं अर्धं पातेलं तसंच राहिलं. भांडी घासून होईपर्यंत ते मांडवाखाली उकाड्यात उघडं पडून होतं. संध्याकाळी जयानं आणि तिच्या शेजारी बसून भांडी घासणाऱ्या चाँदबीनं तो वाटून घेतला. चाँदबी पौडची. तिच्या घरी सून मन्तशा, मुलगा आणि तीन नातवंडं होती.

"ह्या खेपेला बरकत हाय," चाँदबी डबा दाबून भरत म्हणाली. "बुधवारपर्यंत चुलीला विश्रांती."

जयाच्या घरी रविवारी सगळे पोटभर जेवले. सोमवारी सकाळी फोडणीचा भात झाला. तिसरा वाटा तिनं पत्र्यावर पसरला आणि ती रिसॉर्टवर गेली. पण दुपारी आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस पडला नाही, नुसताच कोंदट उकाडा धरून राहिला. जया संध्याकाळी परतली तेव्हा भात वाळला नव्हता. बोटाला चिकट लागत होता. तिनं मूठ नाकाशी नेली. आंबूस वास होता, फार नाही.

ती पातेलं घेऊन उकिरड्यापर्यंत गेली. तिथं थोडा वेळ उभी राहिली. एवढा पांढरा, लांब शिताचा भात. असा तांदूळ तिच्या घरात विकत कधी आला नव्हता. उद्या ऊन पडलं तर वाळवून निदान कोंबड्यांना होईल, असं म्हणून ती परत आली. पातेल्यावर ताटली ठेवली आणि ते चुलीच्या मागच्या फळीवर सरकवलं.

"आवं, तो फळीवरचा भात खायाचा न्हाई बरं का," तिनं बहिरूला सांगितलं. "कोंबड्यांसाठी ठिवलाय."

बहिरूनं हुंकार भरला. कोंडिबा बाहेर ओट्यावर होता. त्याला वेगळं सांगावं असं तिच्या मनात आलं नाही. म्हातारा आपल्या हातानं घेऊन कधी खातच नसे.

मंगळवारी सकाळी तिनं नाचणीच्या तीन भाकऱ्या थापल्या आणि भाजीच्या रश्श्यातली डाळ शेजारी ठेवली. एकेकाला एक. स्वतः ती रिसॉर्टवर चहापाव खायची. बहिरू कमरेच्या गोळ्या आणायला पौडला जाणार होता, तो भाकरी खाऊन एसटीनं गेला. घरी आजा आणि नात राहिली.

दुपार कलायच्या सुमारास सृष्टी रिसॉर्टच्या मागच्या फाटकाशी धापा टाकत आली. पायात चप्पल नव्हती.

"आये, चल. आजाला लई उलट्या होतायत. उठताच येईना त्याला."

जया राखेच्या हातांनीच उठली. चाँदबीनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "जा तू. हितलं मी बघते."

कोंडिबा ओट्यावर कुशीवर पडला होता. धोतर खराब झालं होतं, ओठ सुकून पांढरे पडले होते. जयानं त्याला पुसलं, साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्यानं तोंडात घातलं. ते लगेच बाहेर आलं. ती उठून आत गेली. फळीवर पातेलं होतं. ताटली बाजूला होती आणि तळाशी चार शितं चिकटलेली होती.

"सृष्टे, भात कुणी खाल्ला?"

पोरगी दाराला टेकून रडायला लागली. "आजानं. मी भाकर खाल्ली तरी मला भूक लागली व्हती. आजा म्हणला, माजी भाकर घे, मला हितं भात हाय. दातांबिगर भाकर चावत न्हाई म्हणला."

जया गावातल्या हैबतरावांच्या घराकडे धावली. त्यांची जीप होती. हैबतराव जेवत होते. हात धुऊन तसेच निघाले.

पौडच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची चुणी तशीच उभी राहिली. त्यांनी सलाईन लावलं. बहिरूला निरोप मिळाला होता, तो कुबडी टेकत तिथंच आला.

"काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"भात," जया म्हणाली.

"कधीचा?"

बहिरूनं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "परवाचा. लग्नातला. उकाड्यात ऱ्हायलेला."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "नाडी लागत नाहीये नीट. वय झालंय, इतकं पाणी गेलं की हृदयाला झेपत नाही. पुण्याला न्या, वेळ घालवू नका."

पुन्हा जीप. जयाच्या मांडीवर कोंडिबाचं डोकं होतं, बहिरू सलाईनची बाटली वर धरून बसला होता. पिरंगुटच्या अलीकडे कोंडिबानं डोळे उघडले.

"पोरगी जेवली का?" त्यानं विचारलं.

"जेवली मामा."

त्यानं मान हलवल्यासारखं केलं. घाट चढताना जयाच्या लक्षात आलं की त्याचं डोकं एकदम जड झालंय. बहिरूचा बाटली धरलेला हात तसाच वर होता, आणि तो खाली घे असं सांगायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी हैबतरावांनी आरशातून पाहिलं आणि गाडी कडेला घेतली.

गावात गोष्ट लपली नाही. मातीला आलेल्या बायका दारात कुजबुजत होत्या. शिळं घालून म्हाताऱ्याला मारलं, असं कुणीतरी म्हणालं. जयानं ते ऐकलं आणि पाण्याची घागर भरून ठेवली, कारण माणसं परतल्यावर पाय धुवायला पाणी लागणार होतं. बहिरू तिच्याशी बोलायचा बंद झाला होता. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मात्र तो एकदाच बोलला.

"फेकला का न्हाईस?"

"फेकायला गेले व्हते."

"मग?"

"हात धजला न्हाई."

बहिरूनं कुबडी भिंतीला टेकवली. "मला सांगितलंस, त्याला का न्हाई सांगितलं? त्याच्या ताटात येवढुसं वाढायचीस. त्याला भूक लागत व्हती ती दिसली न्हाई तुला?"

जयाला उत्तर द्यायचं होतं. पातेल्यात जेवढं असायचं तेवढंच वाढता यायचं, तिच्या स्वतःच्या ताटात त्याहून कमी असायचं. पण हे बोलून काय होणार होतं? दिसत होती ती भूक. रोज दिसत होती. म्हाताऱ्यानं आडवा धरलेला हात खरा नव्हता, हे तिला माहीत होतं आणि तिनं तो खरा मानला होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मनीषसाहेब मोटार घेऊन आले. मागून ड्रायव्हरनं तांदळाचं पोतं, तेलाचा डबा आणि तूरडाळ ओट्यावर आणून ठेवली.

"वाईट झालं," साहेब उभ्याउभ्याच म्हणाले. "कार्याला उपयोगी पडेल म्हणून आणलंय. फक्त एक सांगायचं होतं. रिसॉर्टचं नाव कुठं येऊ देऊ नका. आम्ही तर कुणाला न्या म्हणून सांगितलं नव्हतं."

"न्हाई सांगितलं तुमी," जया म्हणाली. "आमीच नेत व्हतो."

बहिरू पोत्याकडे बघत बसला होता. तो ते परत पाठवील असं तिला वाटलं, आणि आपल्यालाही तसंच वाटावं अशी तिची इच्छा होती. पण दुसऱ्या दिवशी भावकी जेवायला येणार होती आणि घरात डाळ नव्हती. बहिरूनं तोंड फिरवलं. जयानं सृष्टीला हाक मारून पोत्याचं दुसरं टोक धरायला लावलं आणि दोघींनी ते आत नेलं.

तेरावा झाल्यावर ती कामावर गेली. मनीषसाहेबांनी तिला बाजूला बोलावलं आणि फिनेलचा कॅन पुढं केला.

"मालकांचा हुकूम आहे. उरलेलं अन्न आता कुणी नेणार नाही. खड्ड्यात टाकायचं आणि वरून हे ओतायचं. बाकीच्यांवर माझा भरवसा नाही. तुम्हाला आता कळतंय काय होतं ते."

"मीच ओतू?"

"काम हवंय ना?"

त्या रविवारीही लग्न होतं. दुपारच्या पंगतीनंतर गुलाबजाम उरले, पुऱ्या उरल्या आणि भात उरला. चांगला, ताजा, अजून वाफ असलेला भात. मागच्या खड्ड्यात पोरांनी पातेली रिकामी केली. जया कॅन घेऊन काठावर उभी राहिली. मागे चाँदबी रिकामा डबा पोटाशी धरून आली.

"जया, थांब. वरच्या वरचा घेते, माजा डबा भरू दे. मग काय ते ओत."

"साहेब बघतायत."

"बघू देत. गरम हाय गं अजून. मी नेते, आज रातीच संपवते. सकाळपर्यंतसुदिक ठेवत न्हाई. मन्तशाला परत दिवस गेलेत, तिला काय घालू मी?"

"पुन्हा काय झालं तर?"

चाँदबीनं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुज्या घरातला एक गेला, लई वाईट झालं. पण माज्या घरातले जिते हायेत. त्यांना भूक लागती."

वरच्या पायरीवर मनीषसाहेब मोबाइल कानाला लावून इकडेच पाहत होते. जयानं झाकण फिरवलं. पांढरी धार सोडणारा तो कॅन तिला वाटला त्यापेक्षा जड होता. भातावर दुधासारखा ओघळ पसरला आणि वाफेबरोबर तो तिखट, डोळ्यांत जाणारा वास वर आला. चाँदबी तिथं थांबली नाही. ती मोरीवर जाऊन जयाच्या जागेपासून लांब, नळाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पातेलं ओढून घासायला लागली.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात चाँदबीनं काम सोडलं. कुणी म्हणालं ती माण गावात खोल्या भाड्यानं देणाऱ्यांकडे झाडू-फरशीला लागली. जयानं खात्री करून घेतली नाही.

खड्ड्याचं काम मात्र जयाकडेच राहिलं. घरी आली की ती राखेनं, साबणानं, चिंचेच्या चोथ्यानं हात घासायची. एका रविवारी तिनं पिठात पाणी घातलं आणि सृष्टी शेजारी येऊन बसली. पोरीनं आईच्या हातांचा फिनेलचा वास घेतला, तोंड वाकडं केलं नाही, पण थोडी मागं सरकली.

"आये, मी थापते आज."

"तुला येती का?"

"येईल की."

जया परातीपासून उठली. सृष्टीनं तिच्या जागी बसून गोळा घेतला. भाकरी कडेला जाड झाली, मधे फाटली. ती तव्यावर टाकताना पोरीच्या बोटाला चटका बसला, ते तिनं तोंडात धरलं. पहिली भाकरी तिनं बापाला वाढली. बहिरूनं ती मोडली, खाल्ली, आणि दुसरी मागितली. कोंडिबा गेल्यापासून त्यानं कधी दुसरी मागितली नव्हती.

पिठाचा डबा आता तळाला आला होता. सृष्टीनं वाकून आत पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आपल्यासाठी मळून ठेवलेला गोळा तिनं उचलला आणि त्यातला अर्धा बापाच्या दुसऱ्या भाकरीच्या गोळ्यात घातला.

"मला तेवढी भूक न्हाई," ती म्हणाली.

जया उंबऱ्यावर बसली होती. ती उठली, आत आली, पोरीच्या हातातून तो गोळा काढून परातीत परत ठेवला.

"भूक हाय," ती म्हणाली. "हाय म्हण."

बहिरू खाली मान घालून बसला होता. तव्यावर काही नव्हतं, तो नुसताच तापत होता.

"हाय म्हण, सृष्टे."

"हाय," पोरगी म्हणाली आणि रडायला लागली.

बहिरूनं दुसरी भाकरी मागितली होती ती सोडून दिली आणि ताट बाजूला सारलं. जयानं पुढं होऊन उरलेलं सगळं पीठ एकत्र करून तो गोळा थापला. भाकरी एकच झाली. ती तिनं पोरीपुढं ठेवली आणि शेवटचा घास तोंडात जाईपर्यंत समोर बसून राहिली.