बाई गप्प होत्या तेव्हा

मित्रांनो, मी मेंदूची चित्रे काढणारे एक जुने यंत्र आहे. माझा खडखडाट ऐकून लोक घाबरतात. खरे तर घाबरट मीच आहे.

पोटात मोठे चुंबक घालून मला या थंड खोलीत आणले, तेव्हा माझे फार कौतुक झाले. आता माझा रंग पिवळा पडला आहे. मला चालवणारे दादा प्रत्येकाला सांगतात, "हा डबा माणूस गिळतो, पण परत देतो."

मला विचार दिसत नाहीत. मेंदूचा जो भाग काम करतो, तिथल्या रक्तातला प्राणवायू वाढतो आणि माझा संकेतही किंचित वाढतो. किती वाढला, हे कळायला शांत वेळेचा संकेत लागतो. त्याला बेसलाइन म्हणतात. कामातून शांतता वजा करायची. उरेल ते चित्रात लाल.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या मेंदूत गाठ होती. ती काढताना बोलण्याच्या जागेला सुरी लागू नये, म्हणून ती जागा मला दाखवायची होती. पडद्यावर वस्तू दिसली की मनात तिचे नाव घ्यायचे, पडदा कोरा झाला की स्वस्थ पडायचे. बाई जराही हलल्या नाहीत. दादा खूश झाले.

पण गाठीशेजारी लाल ठिपकाही उमटला नाही. सर्जन म्हणाले, तिथे काही नाही, मोकळेपणाने कापता येईल. मी हादरले. ती जागा तर क्षणभरही विसावली नव्हती! मोठ्यातून मोठे वजा होऊन शून्य उरले होते. हे सांगणार कसे? मला वाचाच नाही.

चित्रे वाचणाऱ्या डॉक्टर ताई मात्र अडखळल्या. इतके छान बोलणाऱ्या बाईंच्या मेंदूत बोलण्याची जागाच दिसू नये? त्यांनी विचारले, "काकू, पडदा कोरा असताना काय करत होता?"

बाई ओशाळल्या. "लेकीशी बोलत होते, मनातल्या मनात. पुढे बोलता आलं नाही तर? म्हणून सगळं आधीच सांगून घेत होते. मला वाटलं, तोंड बंद ठेवलं की झालं."

ताईंनी बेसलाइन बदलली. कोऱ्या पडद्याऐवजी दोन आकृत्या दाखवल्या. सारख्या असतील तर बटण दाबायचे. लक्ष आकृत्यांत गुंतले की मनातल्या बोलण्याला शिरकावच नव्हता. मी जीव मुठीत धरून खडखडत राहिले. गाठीला अगदी खेटून लाल रंग उमटला.

सुरीची वाट बदलली. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासणीला आलेल्या बाई दाराबाहेर लेकीला रागावत होत्या, आणि लेक हसत होती.

माझी भीती मात्र गेली नाही. त्यांच्याआधी किती जण माझ्यात असेच निश्चल पडून गेले, त्यांना कुणी काही विचारलेच नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन माझ्यासारख्या यंत्राजवळ बसाल, तेव्हा गप्प माणसाला शून्य धरण्याआधी त्याला एकदा विचारा.