आबांचा ठावठिकाणा

दहावीच्या वर्षी मी जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला होता, माईकची भीती पार गेली होती, आणि माझे वडील, आबा, सैन्यात सिग्नल्सला हवालदार होते. आणखी काय पाहिजे?

२००२ सालचा जानेवारी. सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. दर रविवारी अकराला आमच्या नेसरीत केरबामामाच्या एसटीडी बूथवर आबांचा फोन यायचा. आई आणि मी दहापासूनच बाकावर. आपण कुठं आहोत हे आबांनी कधीच सांगितलं नाही. पत्रावरचा पत्तासुद्धा नुसता लष्करी टपालाचा, '५६ ए.पी.ओ.'. त्यात गाव नाही, जिल्हा नाही.

त्यांचं कामच तसं. मागच्या सुट्टीत त्यांनी मला समजावलं होतं, की साहेब बोलतात त्याचे यंत्रात आकडे होतात, आकड्यांची रोज नवी खिचडी होते, आणि पलीकडच्या यंत्रात त्या दिवसाची किल्ली असेल तरच ती सुटते. वाटेत कुणी चोरून ऐकलं तर त्याला नुसती खरखर.

केरबामामाच्या फोनला असली किल्ली कुठली! पण आबा त्यावर बोलायचेच काय? एका रविवारी म्हणाले, "संघा, हितली गाढवं आपल्यावाणी न्हाईत. पळायला लागली की जीपला ऐकत न्हाईत." पुढच्या रविवारी म्हणाले, चहाला मिठाची चव लागते. तिसऱ्या रविवारी आवाज बसलेला. "वर्ष झालं, तरी माणसं तंबूतच राहत्यात गं. घरं अजून पडल्यालीच."

मी घरी येऊन भूगोलाचं पुस्तक उघडलं. रानगाढवं, खारं पाणी, गेल्या वर्षीचा भूकंप. कच्छचं रण! मी टाळ्या पिटत स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, "गप्प बस, कुणाला सांगू नगंस."

सव्वीस जानेवारीला शाळेत माझं भाषण होतं. समोर आख्खं गाव. मी ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ, पण टाळ्या पडायला लागल्या आणि तोंडातून निघून गेलं, "माझे आबा या क्षणी कच्छच्या रणात देशाचे गुप्त संदेश सांभाळत आहेत!" टाळ्या थांबेनात.

संध्याकाळी तरुण मंडळाच्या सम्राटदादानं चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, 'कच्छ सीमेवर गुप्त संदेशयंत्रावर तैनात असलेले गावचे सुपुत्र हवालदार प्रसेनजीत यांचे हार्दिक अभिनंदन!' आमच्या बुद्धवाड्यातलं नाव त्या फळ्यावर मयताच्या बातमीशिवाय आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तीनदा वाचून आले. मंगळवारी फळ्याचा फोटो पेपरात आला. ते कात्रण मी पाकिटात घातलं, मागं 'गेस करा कुणी सांगितलं!' असं लिहिलं आणि ५६ ए.पी.ओ.ला धाडलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला.

"कात्रण तू धाडलंस?"

"व्हय आबा! मिळालं?"

"मिळालं. आधी साहेबांना मिळालं. सध्या टपाल उघडून बघत्यात. मी आता यंत्राच्या खोलीत न्हाय. चौकशी लागलीय. मी शपथेवर सांगितलंय, जागेचं नाव घरी काढलं न्हाय. मग तुला कुणी सांगितलं, पोरी?"

गाढवांनी, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ही तार उघडी होती, कुणीही ऐकावं अशी. आत्ताही होती.

"पत्रात लिहिते."

"मला नगं. साहेबांना लिही. खरं ते लिही."

वाटेत आई म्हणाली, "पेपरवाल्यानं अंदाजानं ठोकलं म्हणून लिही. नायब सुभेदारीच्या बढतीला नाव लागलंय त्यांचं. तुझ्या खऱ्यानं ते पुसून जाईल."

चौकात फळा तसाच होता. मी सम्राटदादाला म्हटलं, पुसा. तो म्हणाला, "येडी का खुळी! अभिमान हाय गावाचा, पुसायचा व्हय?" मग मीच ओढणीनं पुसला. चारचौघं बघत राहिली.

रात्री दोन पत्रं लिहिली. आईनं सांगितलेलं सोपं होतं, पाच ओळींत झालं. दुसरं अवघड, कारण खरं लिहायचं म्हणजे आबा बोलले हेच लिहायचं. पण भूगोलाचं पुस्तक काय माझ्या एकटीकडं आहे? नेसरीतली पोरगी तीन रविवारांत शोधते, तर पलीकडं कान लावून बसलेल्या माणसाला किती वेळ लागेल? आणि आबांच्या खोलीत, तंबूत आणखी कितीजणांचे आबा असतील? मी गाढवं, चहा, तंबू, सगळं लिहिलं. खाली लिहिलं, 'नाव मी फोडलं. आबांनी नाही.' आईचं पत्र चुलीत घातलं. ती बघत होती.

मार्चात आबांचं पत्र आलं. शपथ खोटी नव्हती एवढं साहेबांनी मान्य केलं होतं. यंत्र परत मिळालं नाही, बढतीच्या यादीतून नाव गेलं. आता त्यांच्याकडं टेलिफोनच्या तारा ओढायचं काम होतं. माझं पत्र नाव झाकून सगळ्या जवानांना वाचून दाखवलं होतं, घरी काय बोलू नये म्हणून. 'वाचताना मी मागं उभा होतो,' एवढंच लिहिलं होतं. रागावलेत का, ते कळलं नाही.

त्या रविवारी फोन आला. आईचं झाल्यावर मी रिसीव्हर घेतला. बाहेर बाकावर फोनसाठी दोघं ताटकळले होते.

"जेवलासा?"

"व्हय."

काय जेवलासा, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. तिकडून आबांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांनीही पुढचं काही सांगितलं नाही.