म्हातारी उठली का?

त्या बेकरीत म्हातारी म्हणजे माणूस नव्हे. म्हातारी म्हणजे चिनी मातीच्या बरणीतलं आंबवण. रोज थोडं काढायचं, पाव फुगावेत म्हणून कणकेत मिसळायचं, उरलेल्याला पीठ-पाणी चारायचं, की दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा भरलेली. बेकरीवाल्याच्या आईनं नवी सून असताना ते लावलं होतं, ते आजवर चालू होतं. उन्हाळ्यात म्हातारी झाकण ढकलून बाहेर यायची, पावसाळ्यात आंबट व्हायची, थंडीत रुसून बसायची. आई रोज सकाळी बरणीत डोकावून म्हणायची, "बघ, उठली!" तेही जन्मात पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मुलाला त्यात काडीचं नवल वाटत नसे. पीठ आहे, फुगणारच, असं त्याचं मत.

पावसाळा सरता सरता आईनं अंथरूण धरलं. अन्नावरची वासनाच उडाली. मुलगा वाटी-चमचा घेऊन बसला की आधी विचारायची, "म्हातारी उठली का?" उठली म्हटलं तर दोन घास खायची. नाही म्हटलं की तोंड भिंतीकडे. पोटात अन्न जातंय तोवरच काय ते, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे सगळी भिस्त त्या बरणीवर आली.

आणि थंडी पडली. म्हातारी ढिम्म हलेना. बेकरीवाला घायकुतीला आला. आईला लवकर बातमी द्यायची म्हणून या शहाण्यानं बरणी पेटत्या भट्टीच्या माथ्यावर ठेवली आणि तिथंच बसल्या बसल्या पेंगला. जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसानं असं करावं, आता काय बोलायचं? म्हातारी शिजली.

त्याच्या बायकोनं झाकण काढलं आणि दारातूनच हाक मारली, "अहो, म्हातारी गेली!"

ते गल्लीभर ऐकू गेलं. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून धावत आला. मान खाली घालून म्हणाला, "सुटली बिचारी. बोलायला जरा आंबट होती, पण मनानं चांगली."

आतल्या खोलीत आई हसली. इतकी हसली की ठसका लागला. त्या घरात नंतर तसं कोणी हसलं नाही.

मग तिनं मुलाला जवळ बोलावलं. "नवं पीठ-पाणी कालव आणि खिडकीत ठेव. रोज थोडं खायला घाल. येईल."

"कुठून येईल?"

"मला काय ठाऊक? पहिली तरी कुठून आली होती? मी कालवून ठेवलं, वाट बघितली, आली."

"आई, थंडी बघ कसली पडलीय. काही येत नाही."

"तू थांब तर खरा."

तो थांबला. भांड्यात खाली लगदा, वर राखाडी पाणी, एक बुडबुडा म्हणून नाही. इकडे आई दोन घासांवरून एकावर आली, मग अर्ध्यावर, मग नुसत्या पाण्यावर. त्याला बघवेना. एके सकाळी त्यानं खिडकीतलं भांडं मोरीत ओतलं आणि दुकानातलं यीस्ट आणून बरणीत कालवलं. बघता बघता फेस बरणीच्या गळ्याशी आला. तो बरणी घेऊन तसाच आत पळाला. "आई, उठली."

आईनं बरणी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग तोंड उघडलं. दोन घास खाल्ले, वर तिसराही. त्याच्या जिवात जीव आला.

तो तिचं तोंड पुसत होता तेव्हा तिनं विचारलं, "आणि खिडकीतलं?"

"टाकलं. मेलेलंच होतं ते."

"वास घेतलास?"

त्यानं तोंड पुसायचं फडकं घडी घालून ठेवलं.

"थांबायचं होतंस रे," ती म्हणाली. ती रागावली नाही, तेच त्याला सोसवेना. पुढे तो रोज बरणी दाखवायचा आणि ती निमूट तोंड उघडायची, त्याचं मन मोडू नये म्हणून. पण विचारणं तिनं सोडलं. थंडी सरायच्या आत ती गेली. या वेळी बायकोनं हाक मारली नाही, नुसती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

रस्त्यावरच्या झाडांना पालवी फुटली तेव्हा बेकरीवाल्यानं पीठ-पाणी कालवून खिडकीत ठेवलं. श्रद्धा बसली म्हणून नव्हे. काही येत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं त्याला. आलं नाही की सुटलो, असा त्याचा हिशेब. रोज घास घालायचा आणि रोज मनातून म्हणायचा, नको येऊस.

एका सकाळी भांड्यात बुडबुडे होते. त्यानं वाकून वास घेतला, तोच म्हातारीचा आंबट वास, आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसला.

बायको आतून आली. "काय झालं?"

"आली," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

बायकोनं भांड्यात बघितलं. "ऊन पडायला लागलंय, म्हणून आली. थंडीत नसती आली."

"आली असती."

"कशावरून?"

आता ते कधीच कळणार नव्हतं. बायकोनंच भांड्यात चमचाभर पीठ घातलं, कारण त्याला पोत्यावरून उठवेना.